मेंढ्यांतील विषबाधा आणि पचनक्रिया

मेंढीला विषबाधा झाली असे आपण म्हणतो, तेव्हा तिने एखादी विषारी वस्तू खाल्ली असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. पुष्कळ वेळा हा अर्थ अपुरा ठरतो. कोवळी ज्वारी, भरपूर खत दिलेल्या शेतातील हिरवा चारा, युरिया किंवा खळ्यावर सांडलेले धान्य हे पदार्थ मेंढीच्या तोंडात जातात त्या वेळी मारक नसतात. त्यांचे विष तयार होते ते पोटात गेल्यानंतर, आणि तेही मेंढीच्या स्वतःच्या पचनक्रियेकडून. उलट, काही खरोखर विषारी पदार्थ हीच पचनक्रिया निरुपद्रवी करून टाकते. तेव्हा विषबाधा टाळावयाची असेल तर प्रथम मेंढीचे पोट कसे चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. राज्यातील बहुतेक मेंढ्या फिरत्या कळपांत असतात. अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, धुळे या जिल्ह्यांतील मेंढपाळ वर्षातील कित्येक महिने कळप घेऊन गावोगाव फिरतात. रोज नवे रान, नवे पाणी आणि नवा चारा हा त्यांच्या व्यवसायाचा स्वभावच आहे. सकाळी धडधाकट निघालेल्या कळपातील दहा-वीस मेंढ्या तासाभरात आडव्या होतात, तेव्हा त्या कुटुंबाचे कित्येक वर्षांचे भांडवल नाहीसे होते. अशा वेळी दवाखाना दूर असतो आणि हाती मिनिटे मोजकीच असतात.

पोटाची रचना व कार्य

मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिला कप्पा म्हणजे रोमंथिका. पशुवैद्य तिला रूमेन म्हणतात. चारही कप्प्यांच्या एकूण आकारमानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या रोमंथिकेने व्यापलेला असतो. येथे कोणताही पाचकरस पाझरत नाही. येथील सर्व काम सूक्ष्मजंतू करतात. रोमंथिकेतील एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जीवाणू असतात. त्यांच्या जोडीला आदिजीव व बुरशीही असतात. ते चारा आंबवतात, त्यापासून मेदाम्ले तयार करतात, आणि मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा या अम्लांतून मिळते. आंबवण्याच्या क्रियेत निर्माण होणारे वायू ढेकरेवाटे बाहेर पडतात.

हे काम सुरळीत चालण्यास तीन गोष्टी लागतात. रोमंथिकेतील द्रव फार आंबट किंवा फार अल्कधर्मी होता कामा नये. तिच्या भिंतींचे आकुंचन दर मिनिटास एक-दोन वेळा होत राहिले पाहिजे. तसेच जीवाणूंना आपल्या अन्नाची सवय असली पाहिजे. चारा हळूहळू बदलला तर जीवाणूंची वस्तीही त्यानुसार बदलते. चारा एकाएकी बदलला तर एका जातीचे जीवाणू मरतात, दुसऱ्या जातीचे बेसुमार वाढतात आणि पोटाचा तोल जातो.

दुधावरील कोकरांची रोमंथिका विकसित झालेली नसते, आणि प्यायलेले दूध अन्ननलिकेच्या खोबणीतून थेट पुढील कप्प्यांत जाते. म्हणून येथे वर्णन केलेले बहुतेक प्रकार चरू लागलेल्या मेंढ्यांतच आढळतात.

ज्वारीतील विष

ज्वारीच्या कोवळ्या पानांत व खोडव्याच्या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. धुरिन स्वतः फारसे घातक नाही. मात्र पाने चघळली गेली की वनस्पतीतील व रोमंथिकेतील विकरे त्याचे विघटन करतात आणि त्यातून हायड्रोसायनिक अम्ल मोकळे होते. एकच पोट असलेल्या प्राण्याच्या जठरातील तीव्र अम्ल या विकरांना निकामी करते. रोमंथिका आंबट नसल्यामुळे विकरांचे काम तेथे जोमाने चालते. म्हणून हाच पाला घोड्यापेक्षा मेंढीला अधिक धोक्याचा असतो. काही भागांत शेतकरी या विषबाधेस ‘किरळ लागणे’ म्हणतात.

मेंढीच्या दर किलो वजनास सुमारे २ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक अम्ल घातक ठरते, म्हणजे २५ किलोच्या मेंढीस ५० मिलिग्रॅम. एक किलो पाल्यातून २०० मिलिग्रॅम विष मोकळे होत असेल, तर केवळ पाव किलो पाला पुरेसा होतो. भुकेली मेंढी एवढा पाला काही मिनिटांत खाते. तोच पाला दिवसभरात थोडा थोडा पोटात गेला, तर यकृत त्या विषाचे रूपांतर निरुपद्रवी द्रव्यात करीत राहते आणि मेंढी सुखरूप राहते. म्हणजे किती खाल्ले याइतकेच किती वेळात खाल्ले यालाही महत्त्व आहे.

हे विष रक्तातून पेशींत जाऊन त्यांचे श्वसन थांबवते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. त्यामुळे हिरड्या व पापणीची आतील बाजू प्रारंभी तांबडीभडक दिसते. मेंढी जलद श्वास घेते, लटपटते, कोसळते, आणि कित्येकदा पंधरा-वीस मिनिटांत दगावते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही द्रव्ये शिरेतून देणे हा यावरील उतारा होय. थायोसल्फेट तोंडावाटेही देतात. त्यामुळे रोमंथिकेत नंतर मोकळे होणारे विष तेथेच बांधले जाते.

नायट्रेट : उलटा उतारा

पावसाने ओढ दिल्यावर पुन्हा सरी आल्या, किंवा पिकास नत्रखत अधिक झाले, म्हणजे ज्वारी, बाजरी व मका यांच्या ताटांत, विशेषतः बुडख्याकडील भागात, नायट्रेट साठते. रानमाठ व चाकवत या तणांतही ते पुष्कळ आढळते. रोमंथिकेतील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट व नायट्राइटचे अमोनिया असे दोन टप्प्यांत रूपांतर करतात. यांपैकी पहिला टप्पा जलद आणि दुसरा मंद असतो. एकदम पुष्कळ नायट्रेट आल्यास मधले नायट्राइट साचते व रक्तात उतरते. तेथे ते रक्तातील तांबड्या द्रव्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती नाहीशी करते. रक्त तपकिरी होते आणि हिरड्या निळसर-मातकट दिसू लागतात. यावर पशुवैद्य मेथिलीन ब्ल्यू शिरेतून देतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. सायनाइडवरील उताऱ्यातील एक औषध म्हणजे नायट्राइटच होय. नायट्रेटच्या विषबाधेत तेच औषध दिल्यास ते विषात भर घालते. दोन्ही प्रसंगी कळप ज्वारीच्या शेतात असू शकतो व दोन्ही प्रसंगी मेंढ्या धापा टाकतात. तेव्हा मेंढ्यांनी कोवळे फुटवे खाल्ले की वाढलेल्या ताटांचे बुडखे, शेतास कोणते खत केव्हा दिले होते, आणि हिरड्यांचा रंग कसा दिसतो, हे पशुवैद्यास सांगणे म्हणजे उपचाराचा निम्मा भाग पार पाडणे होय.

युरिया

शेताच्या बांधावर फाटलेली गोणी, खत विरघळवलेले पाणी, किंवा चाऱ्यात नीट न मिसळलेला युरिया यांमुळे ही विषबाधा होते. सवय नसलेल्या २५ किलोच्या मेंढीस ८ ते १२ ग्रॅम युरियाही बाधू शकतो. रोमंथिकेतील जीवाणू युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करतात. अमोनियामुळे द्रव अल्कधर्मी होतो, आणि जसजसा तो अल्कधर्मी होतो तसतसा अमोनिया रक्तात अधिक वेगाने शोषला जातो. पोटफुगी, तोंडास फेस, स्नायूंचा थरकाप व झटके ही लक्षणे बहुधा तासाभरातच दिसतात.

अशा मेंढीस भरपूर थंड पाणी व अर्धा लिटरपर्यंत सौम्य व्हिनेगर पाजतात. थंडाव्याने विकराचे काम मंदावते व आंबटपणामुळे अमोनिया शोषला जाण्याचे थांबते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचे विघटन करणारे विकर असते. म्हणून युरियायुक्त खुराकात कच्चे सोयाबीन कधीही मिसळू नये.

धान्य आणि आंत्रविषार

सुगीनंतर मेंढ्या शेतात बसवण्याची पद्धत शेतकरी व मेंढपाळ या दोघांच्याही हिताची आहे. मात्र खळ्यावर उरलेल्या राशीवर किंवा उघड्या पोत्यांवर भुकेला कळप पडला, तर रोमंथिकेत पिष्टमय पदार्थांचा पूर येतो. दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, द्रव अतिशय आंबट होतो व नेहमीचे जीवाणू मरतात. आंबट द्रव शरीरातील पाणी पोटाकडे ओढून घेतो. त्यामुळे पोट डुचमळते, पण शरीर कोरडे पडते. रवंथ थांबते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते आणि मेंढी लंगडते. या प्रसंगी खाण्याचा सोडा पाण्यातून पाजतात. येथे व्हिनेगर घातक ठरेल हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या निरोगी मेंढीच्या रोमंथिकेतील द्रव पाजून जीवाणूंची वस्ती पुन्हा बसवणे हाही एक मान्य उपचार आहे.

याच कारणाने आणखी एक संकट ओढवते. न पचलेला पिष्टमय भाग लहान आतड्यात उतरला की तेथे मुळातच अल्प संख्येने असणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जीवाणू फोफावतो व विष सोडतो. मेंढीच्या स्वतःच्या ट्रिप्सिन या पाचकरसामुळे हे विष पूर्ण कार्यक्षम होते. हाच आंत्रविषार होय. कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरे यात प्रथम दगावतात. येथे उपचारास वेळ मिळत नाही. लसीकरण हाच खरा उपाय आहे. पावसाळ्यापूर्वी, पहिल्या वर्षी सुमारे १५ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा व नंतर दरवर्षी लस द्यावी. पुण्यात औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस तयार होते.

पोट थांबल्यास काय होते

घाणेरी किंवा टणटणी या झुडपाची विषबाधा निराळ्या वळणाने जाते. मेंढ्या हा पाला सहसा खात नाहीत. चाराटंचाईत किंवा अनोळखी रानात मात्र त्या त्यास तोंड लावतात. त्यातील विषाने यकृतास इजा होते, आणि यकृत बिघडले की रोमंथिकेचे आकुंचन थांबते. पोट थांबल्यामुळे विषारी पाला पुढे सरकत नाही. तो तेथेच साठून राहतो व त्यातून विष सतत शोषले जाते. त्यामुळे यकृत आणखी बिघडते. पाला खाणे केव्हाच बंद झालेले असूनही मेंढी पुढे कित्येक दिवस खंगत जाते, याचे कारण हे आहे. डोळे पिवळे पडतात, आणि कान, नाक व तोंड यांवरील उघडी त्वचा उन्हाने भाजल्यासारखी होते.

या वनस्पतीवर हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्रात दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. उपचाराचे सूत्र स्पष्ट आहे. सक्रिय कोळशाची मोठी मात्रा देऊन पोटात साठलेले विष बांधावे, पोटाची हालचाल सुरू करावी, आणि मेंढीस सावलीत ठेवावे.

सवयीने मिळणारे संरक्षण

रोमंथिका विष तयार करते, तशीच ती विष नाहीसेही करते. उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेट असते व ते शरीरातील चुना बांधून ठेवते. तथापि मेंढीच्या रोमंथिकेत ऑक्झॅलेटवरच उपजीविका करणारा एक जीवाणू आढळला, आणि १९८५ मध्ये त्याचे ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजिनेस असे नामकरण झाले. वाढे थोडे थोडे देऊन प्रमाण वाढवत नेल्यास या जीवाणूंची संख्या वाढते व चारा पचतो. एकदम पोटभर वाढे खाऊ घातल्यास ही संधी मिळत नाही. साखरपट्ट्यात वाढ्यांबरोबर चुन्याची निवळी देण्याची शिफारस केली जाते, ती याच कारणासाठी.

सुबाभळीची कथाही अशीच आहे. तिच्या पानांतील मिमोसिनमुळे मेंढीची लोकर गळते व गळ्याची ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियातील जनावरांना ती बाधत असे, हवाईतील जनावरांना मात्र बाधत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने हवाईतील शेळ्यांच्या रोमंथिकेतील जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडले आणि ती जनावरे सुबाभूळ पचवू लागली. पुढे १९९२ मध्ये या जीवाणूला जोन्स यांच्यावरूनच नाव देण्यात आले. आपल्याकडे सुबाभळीचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या सुमारे एक तृतीयांशाहून कमी ठेवावे, म्हणजे धोका राहत नाही.

ओढ्या-नाल्यांचे पाणी

चाऱ्याइतकेच लक्ष पाण्याकडे देणे आता भाग आहे. सुरत जिल्ह्यातील सचिन हे गाव १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या शाखेचे संस्थान होते. आज ते औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. या परिसरातील कारखान्यांत खानदेशातून गेलेले पुष्कळ मराठी कामगार आहेत. शिवाय दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडील मजूर कुटुंबे सुरत जिल्ह्यात जातात. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला. त्यात सहा कामगार मृत्युमुखी पडले व वीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले.

ही दुर्घटना माणसांवर ओढवली. पशुपालकाने तिच्यातून घ्यावयाचा बोध असा की, औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात काय वाहत आहे हे काठावरून सांगता येत नाही. नाल्यातील पाणी आज निर्मळ दिसले तरी रात्रीतून त्यात काय मिसळले हे कोणास ठाऊक नसते. सल्फेट किंवा इतर गंधकयुक्त द्रव्ये असलेले पाणी मेंढी प्यायली, तर रोमंथिकेतील जीवाणू त्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. ढेकरेवाटे वर आलेला हा वायू मेंढी पुन्हा श्वासाबरोबर आत घेते. त्यामुळे पोटाची हालचाल मंदावते व मेंदूस इजा होते. मेंढी आंधळ्यासारखी चालते, भिंतीस डोके टेकवून उभी राहते व अखेरीस कोसळते. चारा व पाणी मिळून पोटात जाणारे गंधक कोरड्या चाऱ्याच्या वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्क्यांहून अधिक होऊ नये, असा संकेत आहे. धान्याचा खुराक जास्त असल्यास खालची मर्यादा पाळावी.

कळप रानातून जाताना हे मोजमाप शक्य नसते. म्हणून नियम सोपा ठेवावा. कारखान्याच्या, गिरणीच्या किंवा रंगशाळेच्या खालच्या अंगाच्या नाल्यावर कळप पाण्यास नेऊ नये. ऊसतोडीच्या तळावर किंवा कामगार वस्तीत दोन-चार मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबानेही विहिरीचे अथवा नळाचेच पाणी पाजावे.

ओळख व प्रथमोपचार

विषबाधेचा संशय येताच कळप त्या जागेवरून हलवावा, पण पळवू नये. पळवल्याने प्राणवायूची गरज वाढते आणि अर्धवट बाधलेल्या मेंढ्याही कोसळतात. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरावी. दोन मिनिटांत एकही लाट जाणवली नाही, तर पोट थांबले आहे असे समजावे. मेलेल्या मेंढीचे पोट पशुवैद्याने उघडल्यावर येणारा वासही पुष्कळ काही सांगतो. कडू बदामासारखा वास सायनाइडचा, झोंबणारा वास अमोनियाचा व आंबूस वास धान्याच्या अतिरेकाचा असतो.

लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, बाहुली बारीक होणे, पातळ हगवण व पोटात कळा ही लक्षणे एकत्र दिसल्यास फवारणीच्या कीटकनाशकाचा संशय घ्यावा. अंगावर औषध उडाले असल्यास मेंढी साबणाच्या पाण्याने धुवावी. तेल किंवा तूप पाजू नये, कारण कित्येक कीटकनाशके त्यात विरघळून अधिक शोषली जातात. जी मेंढी गिळू शकत नाही तिला काहीही पाजू नये. पाजलेला द्रव फुप्फुसात उतरतो व विषातून वाचलेली मेंढी न्यूमोनियाने मरते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक महाराष्ट्रात व गुजरातेतही चालतो. मृत मेंढीच्या पोटातील द्रव, यकृताचा तुकडा व संशयित चारा स्वतंत्र हवाबंद बरण्यांत, बर्फात ठेवून पशुवैद्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावा.

प्रतिबंध

पुढील गोष्टी पाळल्यास बहुतेक विषबाधा टळतात.

१. भुकेला कळप हिरव्या शेतात कधीही सोडू नये. प्रथम कोरडा चारा किंवा माळरानाची चराई द्यावी.

२. ज्वारी फुलोऱ्यात येण्यापूर्वी, तसेच कापणीनंतरचे कोवळे फुटवे व पाण्याचा ताण पडलेले पीक चारू नये.

३. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा.

४. नव्या गावी कळप बसवताना शेतकऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : खत केव्हा टाकले, फवारणी केव्हा केली, धान्य कोठे ठेवले आहे.

५. महामार्गाच्या दुभाजकावर लावलेल्या कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या वाळल्यावरही विषारी राहतात. थोडी पानेही हृदय बंद पाडण्यास पुरेशी होतात. अशा ठिकाणी कळप थांबवू नये.

६. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस चुकवू नये.

विषावरील उतारे अनेक आहेत आणि त्यांपैकी कित्येक एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एका प्रसंगी जीव वाचवणारे औषध दुसऱ्या प्रसंगी जीव घेते. म्हणून उतारा निवडण्याचे काम पशुवैद्यावर सोपवावे. मेंढपाळाच्या हाती असलेली गोष्ट मात्र त्याहून मोलाची आहे. रोमंथिकेस वेळ मिळाला तर ती पुष्कळ विषे पचवते, आणि वेळ न मिळाल्यास साध्या चाऱ्याचेही विष करते. सकाळी कळप वाड्यातून सोडण्यापूर्वी त्याच्या पोटात दोन घास कोरडा चारा गेला आहे की नाही, एवढे पाहिले तरी पोटास तो वेळ मिळतो.